शास्ता जलाशयावरची हिवाळी मासेमारी : ट्राऊट, सॅमन आणि पाण्याचा अंदाज

कृष्णाकाठ
२ डिसेंबर

रेडिंगला राहायला आल्यापासून शास्ता जलाशयावरचा हा माझा अकरावा हिवाळा आहे. दर उन्हाळ्यात बे एरियातून किंवा सॅक्रामेंटोहून कोणी ना कोणी परिचित कुटुंबासह येतात, हाउसबोट घेतात, एक दिवस सॅमनसाठी गळ टाकून पाहतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. मोठी बोट आणि आमिष खोल नेणारे डाउनरिगर असल्याशिवाय इथे मासा मिळत नाही, असे जाताना बहुतेकांचे म्हणणे असते. उन्हाळ्यापुरते ते खरेही आहे. मात्र डिसेंबरपासून मार्चपर्यंत तेच मासे साध्या रॉडला आणि चौदा फुटी ॲल्युमिनियमच्या बोटीला मिळू शकतात, आणि ते का मिळतात हे एकदा समजले की साधनांवरचा निम्मा खर्च आपोआप वाचतो. म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी शास्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी कल्पना देतो. उत्तर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीवर १९३८ ते १९४५ या काळात ६०२ फूट उंचीचे शास्ता धरण बांधले गेले. धरण पूर्ण भरले की साठा सुमारे साडेपंचेचाळीस लाख एकर-फूट होतो, म्हणजे आपल्या हिशेबात जवळपास १९८ टीएमसी. कोयनेचा साठा १०५ टीएमसी आहे, यावरून आकार लक्षात यावा. सॅक्रामेंटो, मॅक्क्लाउड आणि पिट या तीन नद्या आणि स्क्वॉ क्रीक यांच्या खोऱ्यांत फुगवट्याचे पाणी शिरल्यामुळे जलाशयाला चार लांब फाटे आहेत आणि किनारा ३६५ मैलांचा झाला आहे. एवढ्या पाण्यात मासा शोधायचा कुठे, हाच खरा प्रश्न असतो. तो गळाला लावणे त्या मानाने सोपे आहे.

उन्हाळ्यात वरचे पाणी २५ अंशांच्या पुढे जाते. ट्राऊट आणि सॅमन ही दोन्ही थंड पाण्याची जात असल्याने ते खाली उतरतात, आणि ऑगस्टमध्ये धरणाजवळच्या खोल पाण्यात सॅमन शंभर फुटांच्याही खाली असतात. तिथपर्यंत आमिष पोहोचवायला पोलादी तारेला जड गोळा बांधून सोडणारे डाउनरिगर लागतेच. नोव्हेंबरपासून वरचे पाणी गार होऊन जड होते, खाली बसते आणि खालचे वर येते. जानेवारीत माझ्या बोटीवरच्या तापमापकात पृष्ठभागाचे पाणी साधारण ९ ते ११ अंश दिसते आणि खालीही फारसा फरक नसतो. मग माशाला खाली अडकून राहण्याचे कारण उरत नाही. तो अन्नाच्या मागे जातो, आणि इथले त्याचे अन्न म्हणजे थ्रेडफिन शॅड, हिल्साच्या गोतावळ्यातली बोटभर लांबीची चंदेरी मासळी. शॅड वर आली की मासाही वर येतो. हिवाळ्यातली माझी सगळी मासेमारी या एका गोष्टीवर उभी आहे.

माझी पद्धत अशी आहे. उजाडण्याच्या आधी पंधरा मिनिटे पाण्यावर असावे. सहा ते आठ पौंडी तंगूस (नायलॉनची बारीक दोरी), शेवटी सहा फूट फ्लोरोकार्बन, त्याला दीड-दोन इंची चमचा (चकाकणारे धातूचे आमिष) किंवा लहान मिनो (माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष). वजन मुळीच नको. बोटीच्या मागे दीडशे ते दोनशे फूट दोरी सोडावी आणि ताशी दीड ते सव्वादोन मैल वेगाने चालावे. दोरी लांब ठेवण्याचे कारण असे की मासा वरच्या दहा फुटांत असतो आणि बोट डोक्यावरून गेली की बाजूला होतो. बोट गेल्यानंतर तो जागेवर परत यायला जो वेळ लागतो, तो ही लांब दोरी त्याला देते. सरळ रेषेत न जाता नागमोडी वळणे घ्यावीत. वळताना आतल्या बाजूचा रॉड मंदावतो आणि त्याचे आमिष खाली जाते, बाहेरचे वेगाने ओढले जाऊन वर येते. कोणत्या बाजूला मासा लागला यावरून त्या दिवशी त्याला मंद हवे आहे की जलद, हे अर्ध्या तासात कळते.

फिश-फाइंडरचा (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) पडदा पाहण्याआधी पक्षी पाहावेत. ग्रीब (टिबुकलीच्या जातीचे पाणपक्षी) बुड्या मारत असतील आणि वर सीगल घिरट्या घालत असतील तर खाली शॅडचा थवा आहे असे समजावे आणि थव्याच्या मधून न जाता कडेकडेने फिरावे.

दूरदेशी
२ डिसेंबर

अतिशय उपयुक्त लिहिले आहे. मी सॅक्रामेंटोजवळ राहतो आणि माझ्याकडे नेमकी चौदा फुटी बोट आणि १५ अश्वशक्तीचे इंजिन आहे. दोन प्रश्न आहेत. पहिला, बोट कुठे उतरवावी? दुसरा, तुम्ही ट्राऊट आणि सॅमन यांच्याविषयी एकत्र लिहिले आहे, पण एकाच फेरीत दोन्ही मिळतात का, की त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते? जानेवारीत वडील रत्नागिरीहून येणार आहेत. त्यांचे आयुष्य खाडीवर पागण्यात आणि गळ टाकण्यात गेले आहे, आणि इथे आल्यावर त्यांना घरात बसून कंटाळा येतो. त्यांना एकदा तरी या पाण्यावर न्यावे अशी फार इच्छा आहे.

कृष्णाकाठ
३ डिसेंबर

दूरदेशी, लहान बोटीसाठी ब्रिज बे किंवा धरणाजवळचा सेंटिमुडी रॅम्प (बोट उतरवण्याचा उतार) सोयीचा पडेल. मात्र येण्याआधी त्या दिवशीची जलपातळी अवश्य पाहा. धरण काठोकाठ भरले की पातळी समुद्रसपाटीपासून १०६७ फूट असते. पण पुराचे पाणी सामावण्यासाठी हिवाळ्यात जागा रिकामी ठेवावी लागते, त्यामुळे पातळी बरीच खाली असू शकते आणि काही रॅम्प पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्याअखेरीस साठा एक-तृतीयांशाच्या आसपास होता आणि पुढच्याच वसंतात धरण जवळजवळ भरले, इतका फरक इथे पडतो.

ब्रिज बेहून निघालात तर पिट नदीवरच्या दुमजली पुलाखालून सुरुवात करा. वरून आय-५ महामार्ग आणि खालच्या मजल्यावरून रेल्वे जाते. या पुलाचे खांब आणि त्याच्या पूर्वेची फाट्यांची मुखे हिवाळ्यात शॅड धरून ठेवतात. दोन्ही मासे एका फेरीत मिळतात, पण अपेक्षा अशी ठेवा की पहिल्या दीड तासात सॅमन वर असतील आणि ऊन पाण्यावर आले की ते खाली सरकतील, ट्राऊट मात्र ढगाळ हवेत दुपारपर्यंत वरच मिळेल. तिसरा मासा म्हणजे ब्राऊन ट्राऊट. तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नद्यांत वर जाऊन अंडी घालतो आणि फेब्रुवारीत भुकेला होऊन खाली आलेला असतो. त्याच्यासाठी मोठा मिनो घेऊन अडीच-तीन मैलांचा वेग धरावा लागतो आणि अनेक दिवस रिकामे जातात.

रानवाटा
३ डिसेंबर

एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. हिवाळ्यात सॅमन वर येतो हे खरे, पण तो वरच राहतो असा नवख्यांचा समज होऊ नये. पाणी सगळीकडे सारखे थंड असले म्हणजे मासा कुठेही असू शकतो, असा त्याचा अर्थ आहे. मी मागच्या फेब्रुवारीत धरणाच्या भिंतीसमोर नऊ वाजल्यानंतर ७० ते ९० फुटांवर सतत मासे पाहिले, आणि वर दोनशे फूट दोरी सोडून फिरणाऱ्या बोटी कोऱ्या राहिल्या. माझ्या मते उन्हाळ्यातला सॅमन शोधायला सोपा असतो, कारण तापमान त्याला एका थरात बांधून ठेवते. हिवाळ्यात ते बंधन सुटते, म्हणून शोध अवघड होतो.

कृष्णाकाठ
३ डिसेंबर

रानवाटा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा होता. सकाळचे दोन तास वर आणि नंतर फिश-फाइंडर दाखवेल त्या खोलीवर, असे मीही करतो. ज्यांच्याकडे डाउनरिगर नाही त्यांनी नऊनंतर सॅमनचा नाद सोडून फाट्यांच्या मुखाशी ट्राऊटमागे जावे, एवढेच माझे म्हणणे आहे. नवीन माणसाच्या दृष्टीने पहिले दोन तास पुरेसे असतात.

हिमगंगा
४ डिसेंबर

मी मत्स्यविज्ञान शिकले आहे आणि काही वर्षे हिमाचलमध्ये ट्राऊटच्या हॅचरीत (अंडी उबवून पिले वाढवण्याच्या केंद्रात) काम केले आहे, त्यामुळे दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते.

पहिली गोष्ट पकडून परत सोडलेल्या माशाविषयी. खोल पाण्यातून बास जातीचा मासा वर आणला की दाब कमी झाल्यामुळे त्याची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर तो उलटा तरंगत राहतो, कारण ती हवा झटकन बाहेर टाकण्याची सोय त्याच्या शरीरात नसते. ट्राऊट आणि सॅमन यांच्या हवेच्या पिशवीपासून अन्ननलिकेपर्यंत नळी असते, त्यामुळे ते तोंडावाटे हवा सोडू शकतात. वर येताना सॅमनमागे बुडबुड्यांची माळ दिसते ती याचीच. थंड पाण्यात प्राणवायूही अधिक विरघळलेला असतो. म्हणून हिवाळ्यात सोडलेला मासा जगण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा पुष्कळच चांगली असते, मात्र तो जाळ्यातच आणि पाण्यातच ठेवून गळ काढला पाहिजे. कोरड्या हाताने धरले तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. हात ओले करून मगच स्पर्श करावा.

दुसरी गोष्ट शॅडची. थ्रेडफिन शॅड मुळात उबदार पाण्याची मासळी आहे. पाणी सात-आठ अंशांच्या खाली जाऊ लागले की ती गलितगात्र होते आणि पृष्ठभागाशी आडवी पडून थरथरते. असे कडाक्याच्या थंडीनंतर दोन-तीन दिवस दिसते, आणि तेव्हा ट्राऊट पोट फुटेस्तोवर खातो. त्या दिवसांत चमचा नेहमीच्या वेगाने ओढण्याऐवजी मधूनमधून इंजिन मंद करून त्याला डुलत खाली जाऊ द्यावे, म्हणजे तो मरणाऱ्या शॅडसारखा दिसतो.

कोणी विचारण्याआधी सांगते, की आपल्या कोयना किंवा भंडारदऱ्यासारख्या जलाशयांत ट्राऊट टिकणार नाही. पाणी वीस अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले की त्याची वाढ खुंटते आणि पुढे तो मरतो. भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार यांसारख्या थंड, उंच भागांतच टिकला आहे.

वाशिष्ठी
५ डिसेंबर

चमच्याविषयी पुष्कळ झाले, म्हणून मी आमिषाविषयी लिहिते. सॅमनला वासाचे फार असते, आणि हिवाळ्यात ज्या दिवशी चमचा चालत नाही त्या दिवशी फिरते आमिष चालते. यासाठी दुकानात गोठवलेली अँकोव्ही किंवा शॅड मिळते. अँकोव्ही ही आपल्या मांदेलीची चुलत बहीण, त्यामुळे पहिल्यांदा पाकीट उघडले तेव्हा मला आधी चिपळूणचा बाजार आठवला. आदल्या रात्री मासळी जाड मीठ घातलेल्या पाण्यात ठेवावी म्हणजे कातडी घट्ट होते आणि दोन तास ओढूनही फाटत नाही.

आता खरी कला आहे ती वाक देण्यात. मासळीच्या तोंडातून तंगूस ओवून गळ शेपटीच्या थोडा अलीकडे कुशीत बाहेर काढायचा आणि दोरी हलकेच ताणायची, म्हणजे मासळीचे अंग कोयरीसारखे किंचित वाकते. शेपटीकडचा शेवटचा तिसरा भागच वाकला पाहिजे, डोके आणि पोट सरळ राहिले पाहिजे. मग ती बोटीशेजारी पाण्यात धरून दहा फूट चालवून पाहायची. ती ड्रिलच्या पात्यासारखी स्वतःभोवती घट्ट आणि सलग फिरली पाहिजे. मोठी गोल घिरटी घालू लागली तर वाक जास्त झाला आहे, आणि नुसती डोलत राहिली तर कमी आहे. मी कधीकधी एकाच मासळीवर पाच-सहा वेळा वाक बदलते. शेजारच्या बोटीवाल्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण चुकीची फिरणारी मासळी तासभर ओढत राहण्यापेक्षा या पाच मिनिटांनी मला जास्त मासे दिले आहेत. हातांना साबणाचा, सनस्क्रीनचा किंवा पेट्रोलचा वास असेल तर ते आधी बिनवासाच्या साबणाने धुवून घ्यावेत.

मासा लागल्यावर एक चूक सगळे करतात. रॉड वाकला की आपण झटका देतो. सॅमनचे तोंड मऊ असते, झटक्याने गळ फाटून निघतो. रॉड लांब आणि लवचीक घ्यावा, रिळाचा ताण सैल ठेवावा, बोट चालू असू द्यावी आणि रॉड धारकातून उचलून नुसती दोरी गुंडाळायला लागावे.

दूरदेशी
५ डिसेंबर

वाशिष्ठी, कोयरीसारखा वाक हे वाचून चित्र लगेच डोळ्यांसमोर आले. हे वर्णन मी वडिलांना फोनवर वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले की मीठ घालून आमिष घट्ट करण्याची रीत आमच्याकडेही आहे. परवान्याविषयी कोणी सांगेल का?

रानवाटा
६ डिसेंबर

सोळा किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाचा परवाना लागतो. पाहुण्यांना एका किंवा दोन दिवसांचा मिळतो, त्यामुळे वडिलांसाठी वर्षाचा घेण्याची गरज नाही. एका माणसाला दोन रॉड वापरायचे असतील तर दुसऱ्या रॉडची वेगळी नोंद घ्यावी लागते. दिवसाला किती मासे ठेवता येतात आणि कोणते आमिष चालते, हे निघण्याच्या आदल्या दिवशी विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे, कारण हे नियम बदलत असतात. बोट चालवणाऱ्याकडे कॅलिफोर्निया बोटर कार्ड हवे. वयानुसार टप्प्याटप्प्याने लागू झालेला हा नियम १ जानेवारी २०२५ पासून इंजिनाची बोट चालवणाऱ्या सर्वांना लागू आहे. गोड्या पाण्यात पसरणाऱ्या गोल्डन मसल या शिंपल्यामुळे राज्यातल्या काही जलाशयांवर बोटींची तपासणी सुरू झाली आहे, म्हणून बोट आतून पूर्ण कोरडी करून आणावी.

आता ज्यासाठी हा प्रतिसाद लिहायला बसलो ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मोठ्या पावसानंतर चौथ्या दिवशी मी मित्रासह पिटच्या फाट्यात होतो. पाऊस थांबला होता, ऊन पडले होते, आणि पाणी गढूळ असूनही कडेला मासे चांगले लागत होते. परतताना मी वेग वाढवला. नद्यांनी वाहून आणलेला एक ओंडका पाण्याच्या पातळीला अगदी समांतर तरंगत होता, त्याचा माथा भिजून काळा पडला होता आणि समोरच्या उन्हाच्या तिरिपीत तो मला दिसला नाही. इंजिन आदळून वर उचलले गेले, बोट तिरकी झाली आणि पुढे बसलेला मित्र पाण्यात पडला. त्याने लाइफ जॅकेट घातले होते म्हणूनच तो आज आहे. पाण्यात तो फार तर चार मिनिटे असेल, पण मी हात दिला तेव्हा त्याला माझे मनगट धरता येत नव्हते. बोटे वाकतच नव्हती. मी त्याला जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्याला धरून वर ओढले.

थंड पाण्याचा हिशेब इथले प्रशिक्षक १-१०-१ असा शिकवतात : पहिल्या एका मिनिटात धाप आवरायची, पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. पोहता येणारे लोकही पहिल्या मिनिटात दचकून पाणी नाकातोंडात गेल्याने बुडतात. कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत जॅकेट घालणे सक्तीचे आहे, मोठ्यांनी ते नुसते बोटीत ठेवले तरी चालते. माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे की हिवाळ्यात ते अंगावरच असू द्या. वडील पोहणारे असतील, आयुष्यभर खाडीत वावरलेले असतील, तरीही. कोकणातले पाणी आणि हे पाणी यांत पंधरा अंशांहून अधिक फरक आहे.

कृष्णाकाठ
६ डिसेंबर

रानवाटा, हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मोठ्या वादळानंतर निदान तीन दिवस फाट्यांत जाऊ नये आणि गेलेच तर इंजिन हळू ठेवावे. खोऱ्यातल्या दाट धुक्याचीही हीच गोष्ट आहे. रेडिंगच्या दक्षिणेला पहाटे रस्ता दिसत नसेल तर उशीर करा, मासा कुठे जात नाही.

गढूळ पाण्याविषयी एक भर. वादळानंतर सॅक्रामेंटो आणि पिटच्या फाट्यांतून मातकट पाणी खाली येते आणि मुख्य जलाशयातल्या स्वच्छ पाण्याला मिळते तिथे स्पष्ट रेघ दिसते. मासा त्या रेघेच्या स्वच्छ बाजूला थांबतो, कारण गढुळातून बाहेर पडणारी शॅड तिथे त्याला उघडी सापडते. ही रेघ धरून तिला समांतर चालावे. अशा दिवशी चंदेरी चमच्याऐवजी नारिंगी किंवा गडद रंग चालतो.

सोनचाफा
८ डिसेंबर

मी मासेमारी करत नाही, पण रेडिंगजवळच शिकवते आणि या पाण्याचा इतिहास मला फार जवळचा वाटतो. धाग्यात एक गोष्ट आली नाही, आणि ती मासे धरणाऱ्यांना माहीत असावी असे वाटते.

आज तुम्ही ज्याला हिवाळी सॅमन म्हणता तो या जलाशयात माणसांनी सोडलेला मासा आहे. हॅचरीतून आणलेली बोटभर पिले इथे सोडली जातात आणि ती शॅडवर वाढतात. पण 'विंटर रन चिनूक' (चिनूक ही सॅमनची एक जात) नावाचा खरा हिवाळी सॅमन वेगळा आहे. तो समुद्रातून हिवाळ्यात नदीत शिरत असे, मॅक्क्लाउडसारख्या बर्फाच्या आणि झऱ्यांच्या थंड पाण्यापर्यंत जात असे आणि भर उन्हाळ्यात अंडी घालत असे. उन्हाळ्यातही थंड राहणारे पाणी मिळाले तरच त्याची अंडी जगतात. शास्ता धरणाने त्याची ती वाट बंद केली. १९९४ मध्ये तो अस्तंगत होण्याच्या धोक्यातील प्रजाती म्हणून जाहीर झाला. धरणाखालच्या नदीत तो आज तगून आहे तो जलाशयाच्या तळाशी साठलेल्या थंड पाण्यावर. ते पाणी हव्या त्या खोलीवरून सोडता यावे म्हणून १९९७ मध्ये धरणाच्या जलाशयाकडच्या अंगाला झडपांची मोठी यंत्रणा बसवली गेली. तुम्ही जानेवारीत ज्या गारव्यावर मासे धरता, तोच गारवा ऑगस्टमध्ये खाली त्याची अंडी जगवतो.

मॅक्क्लाउडच्या फाट्यात बोट नेता तेव्हा विनेमेम विंटू या इथल्या मूळनिवासी लोकांची गावे आणि दफनभूमी तुमच्या खाली असते. तिथेच १८७२ मध्ये मत्स्यसंवर्धक लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी बेअर्ड हॅचरी उभारली, तीही पाण्याखाली गेली. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यातल्या चिनूकची अंडी विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडला गेली आणि तिथल्या नद्यांत तो सॅमन रुजला. २०१० मध्ये विनेमेम विंटू न्यूझीलंडला जाऊन त्या माशांसमोर आपला विधी करून आले, कारण आपल्या नदीतल्या माशांचे वंशज त्यांना तिथे दिसले. २०२२ च्या उन्हाळ्यात, जवळपास ऐंशी वर्षांनी, विंटर रनची सुमारे ४०,००० अंडी मॅक्क्लाउडच्या थंड पाण्यात ठेवली गेली आणि त्यातून पिले बाहेर आली. त्या कामात विनेमेम विंटू बरोबरीने होते. कोयनेच्या आणि उजनीच्या पाण्याखाली गावे गेलेल्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

वाशिष्ठी
८ डिसेंबर

सोनचाफा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ गप्प बसून राहिले. मॅक्क्लाउडच्या फाट्यात मी कितीतरी वेळा गेले आहे आणि यांपैकी निम्मेही मला माहीत नव्हते. विधीची जागा किंवा दफनभूमी असलेला, पातळी खाली गेल्यावर उघडा पडणारा किनारा कोणता, हे कोणाला विचारून कळेल का? नकळत तिथे बोट लावली जाऊ नये असे वाटते.

सोनचाफा
९ डिसेंबर

अशा जागा जाहीरपणे सांगितल्या जात नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण सांगितल्यावर लोक तिथे उकरायला जातात. पातळी खाली असताना किनाऱ्यावर दगडी अवजारे, जुन्या भिंती किंवा भांड्यांचे तुकडे दिसले तर हात न लावता निघून यावे, एवढे पुरे आहे. उचलणे हा संघराज्य कायद्यानेही गुन्हा आहे.

दूरदेशी
१९ जानेवारी

सर्वांचे आभार मानण्यासाठी आणि हकीकत सांगण्यासाठी पुन्हा लिहीत आहे. शनिवारी वडिलांना घेऊन गेलो. पहाटे साडेतीनला निघालो, ब्रिज बेला पोहोचलो तेव्हा अंधार होता आणि हवा दोन अंश होती. रानवाटा यांच्या सांगण्यावरून दोघांनीही जॅकेट रॅम्पवरच घातले. वडिलांनी आधी नाही म्हटले, मग मी तुमचा प्रतिसाद मोबाईलवर वाचून दाखवला, त्यावर ते काही न बोलता पट्टे बांधू लागले.

पुलाखालून दोन फेऱ्या झाल्या, काही नाही. मी फिश-फाइंडरकडे पाहत होतो. वडील पूर्वेकडे पाहत होते. ते म्हणाले, "तिकडे पाखरं बसतायत बघ, आणि बसून बुडतायत." मला आधी काही दिसेना. पाव मैलावर मुखाशी आठ-दहा ग्रीब होते. तिथे पोहोचेपर्यंत पडद्यावरही शॅडचा ढग दिसू लागला, पृष्ठभागापासून पंधरा फुटांपर्यंत. पाण्याचे तापमान ९.६ होते. कृष्णाकाठ यांच्या सांगण्याप्रमाणे थव्याच्या कडेने गेलो आणि डावीकडे वळताना बाहेरच्या रॉडला, म्हणजे जलद आमिषाला, मासा लागला. वेग दोन मैलांवर नेला, पुढच्या तासात आणखी चार लागले. तीन रेनबो ट्राऊट, दोन सॅमन. मोठा सॅमन तीन पौंडांच्या थोडा वर भरला.

तो वडिलांच्या रॉडवर होता. त्यांनी झटका दिला नाही. त्यांना शिकवावे लागले नाही, रॉड उचलून ते नुसते हळूहळू दोरी घेत राहिले, आणि मासा जवळ आला तेव्हा बुडबुड्यांची माळ आधी वर आली, हिमगंगा यांनी लिहिली होती तशीच. मी जाळे पाण्यातच धरले. दोन ट्राऊट आणि हा सॅमन आम्ही ठेवले, कल्ले कापून रक्त काढून लगेच बर्फात घातले. बाकीचे दोन ओल्या हाताने सोडले.

घरी आल्यावर आईने फोनवर सांगितले की सॅमनला स्वतःचे तेल पुष्कळ असते, त्याला रवा लावून तळू नको. तिच्या सांगण्यावरून हळद, मीठ, आगळ आणि लाल तिखट लावून तव्यावर कातडीच्या बाजूने भाजला. ट्राऊटचे तिरफळ घालून कालवण केले.

एक प्रश्न उरला आहे. नऊनंतर पक्षी उडून गेले आणि पडद्यावर ६० फुटांवर मोठ्या खुणा दिसू लागल्या, रानवाटा म्हणाले होते तसे. वडिलांची इथली मुदत फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे आणि त्यांना पुन्हा यायचे आहे. डाउनरिगर न घेता ६० फुटांपर्यंत आमिष नेता येईल का?

कृष्णाकाठ
१९ जानेवारी

नेता येईल. शिशाचा गाभा असलेली दोरी मिळते, तिला दर दहा यार्डांवर रंग बदललेला असतो. दोन मैलांच्या आसपास चालताना एका रंगामागे अंदाजे पाच फूट खोली धरावी, म्हणजे बारा रंग सोडावे लागतील. त्यासाठी मोठे रीळ हवे, आणि ते माझ्याकडे दोन आहेत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी सेंटिमुडीवरून सहा वाजता निघणार आहे. वडिलांना घेऊन या, माझ्या बोटीत दोन जागा आहेत.

रानवाटा
१९ जानेवारी

मीही त्या दिवशी धरणासमोरच असेन. वाक दिलेली मासळी शिशाच्या दोरीवरही चालते, पण वेग पावणेदोनच्या वर नेऊ नका, नाहीतर ती फाटते. वेग कमी झाला की दोरी थोडी अधिक खाली जाते, तेव्हा रंग एक-दोन कमी सोडा.

वाशिष्ठी
२० जानेवारी

मासळी मी आणते, आदल्या रात्री मिठात घातलेली.